‘थ्री’, ‘कॅस्केड’ की ‘इन वेव्ह्ज’? नागपूरकरांनी आधी कोणता अल्बम ऐकावा

2024 च्या 15 मार्चला फोर टेटचा ‘थ्री’ आला, 13 सप्टेंबरला फ्लोटिंग पॉइंट्सचा ‘कॅस्केड’ आणि त्यानंतर बरोबर आठवड्याने जेमी एक्सएक्सचा ‘इन वेव्ह्ज’. इलेक्ट्रॉनिक संगीताकडे नव्याने वळणाऱ्याला ही तिन्ही नावं बरेचदा एका दमात सांगितली जातात. ऐकणारा मग तिन्हींचे दोन-दोन ट्रॅक ऐकतो आणि सोडून देतो. माझं मत असं की यातला कोणता चांगला, हा प्रश्नच बाजूला ठेवा. तुम्ही ऐकणार कुठे, ते आधी ठरवा. हे संगीत ज्या क्लबांसाठी बनतं, तशी साउंड सिस्टीम आपल्याला रोज कुठे मिळते? आपलं ऐकणं होतं गाडीत, गच्चीवर, मेट्रोत इयरफोन लावून.

गाडीत ऐकणार असाल तर डोळे मिटून ‘इन वेव्ह्ज’ घ्या. ‘द एक्सएक्स’ या बँडमधल्या जेमीचा हा दुसरा स्वतंत्र अल्बम. पहिला ‘इन कलर’ 2015 चा, म्हणजे मधे नऊ वर्षं गेली. बारा ट्रॅक आहेत आणि पाऊण तासात संपतात. माणसांचे आवाज भरपूर. गायिका रॉबिन आहे, सोबतीला डीजे हनी डिजॉन आहे, आणि ‘वेटेड ऑल नाइट’मध्ये त्याच्या बँडमधले जुने सोबती रोमी आणि ऑलिव्हर सिमही आहेत. गाण्यांवर वाढलेल्या कानाला धरायला काहीतरी मिळतं. ‘बॅडी ऑन द फ्लोर’मध्ये पियानो आणि ब्रासचे तुकडे अशा काही जोमात येतात की हा प्रकार पहिल्यांदाच ऐकणाऱ्याचाही पाय हलतो. शिवमडक्याहून समृद्धीवर लागलात की पुढे तासन् तास सरळ रस्ता, अशा वेळी दर तीन-चार मिनिटांनी रंग बदलणारं काहीतरी हवं. एकच ठेका सात-आठ मिनिटं चालवणारे ट्रॅक त्या रस्त्यावर रात्री एकट्याने ऐकू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘इन वेव्ह्ज’ लवकर आवडतो आणि लवकर ओळखीचाही होतो. वीसेक वेळा ऐकल्यावर त्यात नवं सापडणं कमी होतं.

‘कॅस्केड’चं उलटं आहे. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड, मँचेस्टरचा, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी केलेला माणूस. 2021 मध्ये फेरो सँडर्सचा सॅक्सोफोन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन त्याने ‘प्रॉमिसेस’ हा अतिशय शांत अल्बम केला होता. तो ऐकून कुणी इकडे आलं तर दचकेल. ‘कॅस्केड’मध्ये नऊ ट्रॅक आहेत आणि पहिल्याच ट्रॅकच्या नावात ‘क्लब मिक्स’ लिहिलंय, यावरून काय ते समजा. ‘की103’ हे मँचेस्टरच्या एका रेडिओ केंद्राचं जुनं नाव आणि ‘अफ्लेक्स पॅलेस’ हा तिथला बाजार. म्हणजे त्याने आपल्या गावाची आठवणच ठेक्यात बांधली आहे. ‘बर्थ4000’ ऐका. खाली एक सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर, न थांबता पळत राहतो, त्याच्या वर आवाजाचे थर चढत जातात, आणि मग बास येतो.

तो बास ऐकू यायला हवा, आणि सगळी अडचण तिथेच आहे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो येतच नाही. नुसती टकटक उरते आणि ऐकणारा म्हणतो, यात आहे काय! गणपतीत किंवा 14 एप्रिलच्या मिरवणुकीत छातीत घुमणारा बास आपल्या ओळखीचा आहे, त्यामुळे ‘कॅस्केड’चं शरीर नागपूरकराला परकं वाटायला नको. फक्त चांगले हेडफोन नाहीतर बऱ्यापैकी मोठे स्पीकर हाताशी हवेत. ते नसतील तर तूर्तास हा अल्बम घेऊ नका.

आता माझा स्वतःचा कौल. तिघांतला एकच ठेवायचा झाला तर मी ‘थ्री’ ठेवेन. फोर टेट म्हणजे किअरन हेब्डन, आईकडून भारतीय वंशाचा. त्याच्या 2015 च्या ‘मॉर्निंग/इव्हनिंग’मध्ये लताबाईंचा आवाज वापरलेला आहे. विसेक मिनिटांच्या ट्रॅकमध्ये तो आवाज तरंगत येतो, जातो, पुन्हा येतो. मराठी माणसाने फोर टेटकडे त्या वाटेने यावं, असं मला फार वाटतं.

‘थ्री’मध्ये आठच ट्रॅक आहेत. ‘लव्ह्ड’ संथ ठेक्यावर सुरू होतो, ‘डेड्रीम रिपीट’मध्ये हार्पसारखे स्वर कोसळत राहतात, ‘स्केटर’मध्ये चक्क गिटारचा धूसर पडदा. आणि शेवटी ‘थ्री ड्रम्स’, आठ मिनिटांहून मोठा. सुरुवातीला नुसते ड्रम्स, कुणी समोर बसून वाजवतंय असे. मग मागून सिंथचे लांब सूर पसरत येतात आणि तोच ठेका वेगळा वाटायला लागतो, जरी ड्रम्समध्ये फारसं काही बदललेलं नसतं. हे बारीक काम आहे. खिडकीतल्या कूलरची घरघर चालू असेल तर ते पार बुडून जातं. म्हणून एप्रिल-मे मध्ये ‘थ्री’ घरात ऐकायचा असेल तर कान झाकणारे हेडफोन लावा, नाहीतर रात्री उशिरा गच्चीवर जा. हिवाळ्यात काही प्रश्न नाही.

मेट्रोत ऐकणाऱ्यांसाठी तिन्ही चालतील. सीताबर्डीला गाडी बदलताना मात्र ‘थ्री’ तुटतो.

याच हंगामातला कॅरिबूचा ‘हनी’ही लोक सुचवतात. तो 4 ऑक्टोबरला आला. त्यात कॅरिबूने, म्हणजे डॅन स्नेथने, स्वतःचाच आवाज एआय वापरून बदललाय. ट्रॅक नाचरे आहेत, पण ते बदललेले आवाज मला जवळचे वाटले नाहीत. ‘इन वेव्ह्ज’ आवडला तरच त्याच्याकडे वळा.

नुसतं ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंग पुरेसं आहे. डीजेसारखं एका ट्रॅकला दुसरा जोडत वाजवणं, म्हणजे मिक्सिंग, स्वतः शिकायचं ठरवलं असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा ‘कॅस्केड’पासून सुरुवात करा, आणि बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवरून फ्लॅक किंवा वेव्ह (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल विकत घ्या. फाइल आपली राहते, नेट गेलं तरी वाजते. शिवाय 2020 पासून बँडकॅम्प काही ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतं. तेवढे दिवस थांबता आलं तर त्या शुक्रवारी घ्या, म्हणजे कलाकाराच्या हाती जास्त पैसे पडतील.