ब्लू-रे जिंकला म्हणे! मग माझ्या प्लेअरला नेटवर्कचं सॉकेट कुठाय?

तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ ला एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेशी बाजारात भांडणाऱ्या दुसऱ्या एचडी डिस्क-फॉरमॅटचा, गाशा गुंडाळला तेव्हापासून जो तो माझं अभिनंदन करतोय. बरं झालं ब्लू-रे घेतलास, वाचलास! अभिनंदन घ्यायला माझी ना नाही. पण ही बातमी आली त्याच सुमाराला माझ्या या विजयी प्लेअरने एक नवी कोरी डिस्क गिळली, डिस्प्लेवर लोड होत असल्याचं दाखवलं आणि पुढे काही म्हणजे काहीच केलं नाही. काळा पडदा. रिमोटचं एकही बटण चालेना, ट्रे बाहेर येईना. शेवटी प्लग उपटला तेव्हा कुठे डिस्क परत मिळाली.

प्लेअर २००७ च्या ऑक्टोबरमध्ये घेतला, म्हणजे वापरून बरेच महिने झालेत. १०८०पी, एचडीएमआय वगैरे खोक्यावरची माहिती सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण हे दुखणं तिचं एकटीचं नाही. त्या काळात निघालेल्या बऱ्याच सुट्या ब्लू-रे प्लेअरची हीच गत आहे.

चित्राबद्दल तक्रार शून्य. चांगली डिस्क असेल तर कपड्याची वीण दिसते, पावसात थेंब वेगळे दिसतात. २००६ च्या सुरुवातीच्या डिस्क सोडून द्या. त्या २५ जीबीच्या एकेरी थरावर एमपेग-२ या चित्र दाबून साठवायच्या जुन्या पद्धतीत कोंबलेल्या असायच्या आणि काही तर बऱ्या डीव्हीडीपेक्षा फार वेगळ्या दिसत नाहीत. ५० जीबीच्या डिस्क आल्यापासून तो प्रश्न मिटला. आवाजाकडे नंतर येतो.

आता ती अडकलेली डिस्क. २००७ च्या ऑक्टोबरपासून काही डिस्कवर बीडी+ नावाचं जादा कुलूप यायला लागलं. डिस्क स्वतःबरोबर एक छोटा प्रोग्रॅम घेऊन येते, तो प्लेअरच्या आत चालतो, प्लेअर खरा आहे का हे तपासतो आणि सगळं मनासारखं असेल तरच सिनेमा सुरू होऊ देतो. प्लेअरमधलं सॉफ्टवेअर जुनं असेल तर ही तपासणी मध्येच लटकते. पैसे मोजून घेतलेली डिस्क, पैसे मोजून घेतलेला प्लेअर, आणि चोर असल्यासारखी झडती माझीच.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"साहेब, डिस्क खराब असेल."

"अहो, हीच डिस्क एकाकडे सोनीच्या गेम कन्सोलवर, प्लेस्टेशन ३ वर, व्यवस्थित चालते."

"मग अपडेट मारावं लागेल. प्लेअर नेटला लावा, आपोआप होईल."

"कुठे लावू?"

"मागे सॉकेट असेल बघा."

"नाहीये."

थोडा वेळ शांतता. "मॉडेल नंबर सांगता का?" सांगितला. पलीकडे कीबोर्डची खडखड. "याला सॉकेट नाहीये, साहेब."

इतका वेळ मी दुसरं काय सांगत होतो?

सॉकेट नाही म्हटल्यावर अपडेट करायचं ते असं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची. तिची सीडी बनवायची, तीही नुसती फाइल कॉपी करून नाही, इमेज म्हणून बर्न करायची, नाहीतर प्लेअर तिला ओळखत नाही. वेग कमीत कमी ठेवायचा. सीडी आत घातली की प्लेअर बराच वेळ विचार करतो, मग ट्रे आपणहून उघडतो. इथे लोक फसतात. सीडी काढून घ्यायची, ट्रे मात्र उघडाच राहू द्यायचा आणि डिस्प्लेवरचे आकडे सरकताना बघत बसायचं. तेवढ्यात वीज गेली तर प्लेअरचा ठोकळा होतो, आणि त्या दुरुस्तीला वॉरंटी लागू होईल का, यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याने काय करायचं? तर पोस्टाने सीडी मागवायची. सिनेमा बघायला घेतलेल्या यंत्रासाठी!

चार पैशांचं सॉकेट. तेवढं लावलं असतं तर यातलं काही करावं लागलं नसतं. रोज धूळ पुसताना मी प्लेअरची पाठ बघतो. ऑप्टिकल आहे, कोएक्सिअल आहे, कॉम्पोनंटची तीन, ऑडिओची सहा भोकं, आणि त्यांच्या शेजारी बोटभर कोरा पत्रा. ते सॉकेट तिथे अगदी बसलं असतं.

हे सॉकेट नसण्याला कंपनीचा कंजूषपणा जबाबदार आहेच, पण मूळ कारण त्या युद्धात आहे. एचडी डीव्हीडीच्या नियमांत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं की प्रत्येक प्लेअरला नेटवर्क हवं, कोपऱ्यात दुसरं चित्र दाखवायला दुसरा डिकोडर (चित्र उलगडणारा भाग) हवा, थोडी अंतर्गत मेमरी हवी. स्वस्तातल्या स्वस्त प्लेअरलासुद्धा हे सुटलेलं नव्हतं. ब्लू-रेवाल्यांनी मात्र पायऱ्या ठेवल्या. प्रोफाइल १.० म्हणजे यातलं काहीच सक्तीचं नाही. १.१ मध्ये दुसरा डिकोडर आणि २५६ एमबी मेमरी. २.० मध्ये १ जीबी मेमरी आणि नेटवर्क. एचडी डीव्हीडी २००६ च्या मार्च-एप्रिलमध्ये दुकानात पोचली होती आणि ब्लू-रेचा पहिला प्लेअर अमेरिकेत जूनमध्ये आला. सगळं पुरं होईपर्यंत थांबले असते तर मैदान हातचं गेलं असतं, म्हणून अर्धं घर बांधून गृहप्रवेश उरकला. १ नोव्हेंबर २००७ नंतर येणाऱ्या नव्या मॉडेलना १.१ सक्तीचं झालं. त्याआधीची मॉडेलं विकत राहायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि ती धडाधड विकली गेली. माझा प्लेअर त्यातलाच. खोक्यावर 'प्रोफाइल १.०' हे शब्द कुठेही नाहीत. भिंग घेऊन शोधलेत.

सर्वांत चिडवणारी गोष्ट प्लेस्टेशन ३ ची. तो २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला, म्हणजे माझ्या प्लेअरच्याही आधीचा. पण त्यात हार्ड डिस्क आहे, ताकदवान प्रोसेसर आहे, सॉकेट आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये घरबसल्या तो १.१ झाला आणि २००८ च्या मार्चमध्ये २.०. फुकट. खास सिनेमासाठी बनवलेलं यंत्र मी घेतलं, आणि सिनेमाचं प्रत्येक नवं कौतुक आधी पोचलं ते खेळण्याच्या डब्यात.

आता मेहुण्याबद्दल. त्याच्याकडे एचडी डीव्हीडी प्लेअर आहे. युद्ध चालू असताना आमचे वाद व्हायचे. २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट स्टुडिओने ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडीची बाजू धरली (पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनला मिळून १५ कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या) तेव्हा त्याने मला उगाच फोन करून खुशाली विचारली होती. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली तेव्हा मी त्याची विचारली. नंतर तेव्हा डिस्क भाड्याने देणारं नेटफ्लिक्स, मग बेस्ट बाय, वॉलमार्ट ही दुकानं अशी एकेक करून सुटत गेली आणि खेळ संपला. त्याला वाईट वाटत असेल म्हणून मी भेटायला गेलो, तर हा पठ्ठ्या मोडीत निघालेल्या डिस्कचा गठ्ठा मांडून बसलेला.

"दाजी, तुम्ही जिंकलात ना? मग तोंड असं का?"

मी अपडेटचं रामायण सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे जेवढ्या डिस्क आहेत तेवढ्या सगळ्या चालतात. आणि नवीन काही निघणारच नाही, तर अडकणार काय?"

या वाक्याने माझी झोप उडवली, कारण ते खरं आहे. हरलेल्या फॉरमॅटचे नियम जिथे थांबले तिथे कायमचे थांबले. त्याच्या प्लेअरला उद्या कुठली नवी डिस्क येऊन वेडावून दाखवणार नाही. माझ्या फॉरमॅटचे नियम मात्र पुढे चाललेत, आणि जी डिस्क निघते ती माझ्यापेक्षा नव्या प्लेअरसाठी निघते. लोक भितात ते हरलेल्या बाजूला अडकण्याला. बीटामॅक्सची, म्हणजे व्हीएचएसपुढे हरलेल्या सोनीच्या व्हिडिओ कॅसेटची, गोष्ट सगळे सांगतात, पण १९७५ ला आलेल्या त्या फॉरमॅटचे रेकॉर्डर सोनी २००२ पर्यंत बनवत होती हे कुणी सांगत नाही. उलट ब्लू-रेच्या बाजूने सर्वांत आधी उडी घेणाऱ्यांचं बघा. जपानमध्ये २००३ साली सोनीचा ब्लू-रे रेकॉर्डर आला, त्याच्या डिस्क प्लास्टिकच्या पेटीत बंद असायच्या. तीन वर्षांनी सिनेमे आले ते उघड्या डिस्कवर, आणि ते लावायला त्या लोकांना पुन्हा नवं यंत्र घ्यावं लागलं. जिंकलेल्या बाजूचेच गिऱ्हाईक ना ते?

(इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात नवीन अपडेट आलं, त्यामुळे सूर थोडा बदलावा लागतोय.)

अपडेट सीडीवरून टाकलं, वीज टिकली, आणि ती अडकलेली डिस्क सुरू झाली. लोड व्हायचा वेळही कमी झालाय. आधी जावावाल्या (मेनूसाठी जावाचा प्रोग्रॅम असलेल्या) डिस्क घातल्या की मेनू येईपर्यंत माणूस चार कामं उरकून यायचा, आता दोन उरकतात. हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. पण स्टॉपचं दुखणं तसंच आहे. अशा जावावाल्या डिस्कवर चुकून स्टॉप दाबलं तर प्लेअर जागा लक्षात ठेवत नाही. पुन्हा लोड, पुन्हा कायद्याच्या सूचना, पुन्हा जाहिराती, मग सीन शोधा. साध्या डीव्हीडी प्लेअरला जे जमायचं ते याला जमत नाही. रिमोटवरच्या स्टॉप बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे. पाहुणे हसतात. हसू देत.

ज्या दुसऱ्या डिकोडरसाठी मी इतका जीव टाकत होतो, तोही मेहुण्याकडे चालू करून बघितला. सिनेमा चालू असताना कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिग्दर्शक बसून बोलतो. पहिल्या सीनला मजा वाटली. दुसऱ्या सीनला मी म्हटलं, याला जरा बाजूला करता येईल का? त्याची मला गरज नाही हे कळलं. सॉकेटचा राग मात्र यामुळे कमी होत नाही. सॉकेट मला दिग्दर्शकासाठी नकोच होतं, अपडेटसाठी हवं होतं.

आणि आता आवाज, कारण इथे मला खरंच लॉटरी लागली. माझा अ‍ॅम्प्लिफायर जुना आहे, त्याला एचडीएमआय नाही. नवीन घ्यावा लागणार म्हणून मी धास्तावलो होतो. पण प्लेअरच्या पाठीला ती सहा ऑडिओची भोकं आहेत ना, आणि अ‍ॅम्पलाही सहा इनपुट आहेत. बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर आवाजाचा बिनकॉम्प्रेस केलेला पीसीएम ट्रॅक असतो. तो प्लेअर आतच उलगडतो आणि सहा वायरींनी अ‍ॅम्पमध्ये सोडतो. जुन्या स्पीकरमधून इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ऑप्टिकलने हे होत नाही, तिथून सहा चॅनलचा पीसीएम जात नाही, हे लक्षात ठेवा. वायरी जुन्याच वापरल्या. नवीन खर्च शून्य, त्यामुळे आवाज आणखी गोड लागतो.

जुन्या डीव्हीडीही छान दिसतात. ओरखड्यांची भीतीही फोल ठरली. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडीत तो ०.६ आत. त्यामुळे बारीक चरा गेला तरी डिस्क बाद होईल असं मला वाटायचं. पण वरचा कडक लेप दमदार आहे. भाचरांच्या हाती लागलेली डिस्क शर्टाला पुसून लावली, चालली.

आज, म्हणजे २००८ मध्ये, कुणी विचारलं तर सुटा प्लेअर घेताना खोक्यावर बीडी-लाइव्ह (म्हणजे प्रोफाइल २.०) लिहिलंय का बघा आणि दुकानदाराला यंत्र उलटं करायला लावून मागचं सॉकेट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल आणि तो म्हणाला 'अपडेटने येईल', तर उठून चालू लागा. डिकोडर, मेमरी, सॉकेट हे लोखंडाचं काम आहे, ते सीडीवरून येत नाही. आयुष्यात गेम खेळला नसेल तरी प्लेस्टेशन ३ चा विचार करा, हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय.

माझं म्हणाल तर प्लेअर विकायला काढलेला नाही. सर्व्हिस सेंटरने एक्सचेंज ऑफर पुढे केलीय: हा द्या, वर भर घाला, नेटवर्कवालं मॉडेल न्या. मी त्यांना एवढंच विचारलं की नव्या मॉडेलला अपडेट किती वर्षं देणार, तेवढं लेखी द्या. फोनवरच्या बाईंनी वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं. अजून काही आलेलं नाही. उत्तर आलं की खाली जोडतो.