ईसान की उत्तर थायलंड: चार-सहा राय शेतीसाठी गाव निवडताना

नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये दहा-वीस वर्षे काढलेल्या, किंवा थाई जोडीदाराशी लग्न झालेल्या मराठी माणसाच्या मनात पन्नाशीच्या आसपास एक बेत घोळू लागतो. शहर सोडावे, एखाद्या गावात चार-सहा राय जमीन बघावी, भात, भाजीपाला आणि थोडी फळझाडे लावून तिथेच राहावे, असा तो बेत असतो. एक राय म्हणजे 1600 चौरस मीटर, अर्थात आपले जवळपास 16 गुंठे. अडीच राय झाले की एक एकर होतो. बोलणे मोठ्या जमिनीचे नाही, पण ती कुठे घ्यायची यावर पुढचे सगळे अवलंबून असते. बहुतेकांचा शोध दोन ठिकाणी येऊन थांबतो. एक म्हणजे ईशान्येकडील वीस प्रांतांचा ईसान, ज्याचे नावच मुळी आपल्या ‘ईशान’ या दिशावाचक शब्दातून आलेले आहे. आणि दुसरा उत्तरेतील चियांग माय, चियांग राय, लाम्फून, नान यांचा डोंगरी पट्टा. चंथाबुरीकडील दुरियानच्या बागा आणि दक्षिणेतील रबर हे निराळ्या भांडवलाचे काम असल्याने ते येथे विचारात घेतलेले नाही.

पत्नी थाई असेल तर निवड पुष्कळदा आधीच झालेली असते, कारण ईसान आणि उत्तर या दोन्ही भागांत लग्नानंतर जावयाने मुलीच्या घरी येऊन राहण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दाला जी बोच आहे ती तिथे नाही. तरीही सासुरवाडीचे गाव शेतीला योग्य आहे का, हे पाहण्याचा अधिकार जावयाने सोडू नये.

कायदा दोन्हीकडे एकच असल्याने तो आधी उरकून घेऊ. 1954 च्या जमीन संहितेनुसार परकीय नागरिकाला सर्वसाधारणपणे जमिनीचा मालक होता येत नाही. महाराष्ट्रातही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे या नियमाचे मराठी माणसाला फारसे आश्चर्य वाटू नये. जमीन थाई पत्नीच्या नावे घ्यायची तर हा पैसा तिचा स्वतंत्र आहे, त्यावर आपला हक्क नाही, असे परकीय पतीला भूमी कार्यालयात लिहून द्यावे लागते. उरतात दोन मार्ग: जास्तीत जास्त 30 वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा, किंवा ‘सिथी केप किन’ हा तहहयात उपभोगाचा हक्क, जो जमिनीच्या कागदावर नोंदवता येतो आणि जमीन विकली गेली तरी टिकतो. दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यात एक मेख मात्र आहे: लग्नानंतर पती-पत्नींनी आपसांत केलेला करार दोघांपैकी कोणालाही लग्न टिकून असेपर्यंत, आणि ते संपल्यावर एक वर्षापर्यंत, रद्द करता येतो. तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवला नाही, तर तो तीन वर्षांपलीकडे कोर्टात टिकत नाही. नावापुरते थाई भागीदार घेऊन कंपनी काढण्याचा सल्ला देणारे दलाल दोन्ही भागांत भेटतात. तो मार्ग सरळ बेकायदा आहे.

कागदांच्या बाबतीत मात्र दोन्ही भागांत फरक पडतो. सर्वांत पक्का कागद म्हणजे ‘चनोट’, ज्यात मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवलेले असतात. ईसानमध्ये स्वस्त म्हणून दाखवली जाणारी बरीच जमीन ‘सोर पोर कोर’ प्रकारची असते. 1975 च्या जमीन सुधारणा कायद्याखाली भूमिहीनांना कसण्यासाठी दिलेली ही जमीन असून तिचा खुला सौदा होत नाही. उत्तरेत अडचण वनखात्याची असते. मे हाँग सोनसारख्या प्रांताचा बहुतांश भूभाग राखीव वन आहे आणि डोंगर-उतारावरची, धुक्यात बुडालेली, पाहताक्षणी मनात भरणारी जमीन जवळजवळ हमखास बिनकागदाची निघते. उत्तरेत पक्क्या कागदाची जमीन खोऱ्याच्या सपाटीवर मिळते आणि तिथे घरे व रिसॉर्ट यांची मागणी असल्याने भाव चढे असतात. समान पैशांत ईसानमध्ये कितीतरी अधिक राय येतात.

पाण्याचा हिशेब अनेकांचा चुकतो, कारण ते पावसाचे आकडे पाहतात. चियांग माय शहरात वर्षाला साधारण 1100 ते 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, तर मेकाँगकाठच्या नाखोन फानोमला 2000 मिलिमीटरच्या वर. म्हणजे कोरडा म्हणून ओळखला जाणारा ईसान पावसात सरसकट मागे नाही. खोट आहे ती जमिनीत. ईसान ज्यावर वसला आहे त्या कोराट पठाराची माती रेताड, पाणी न धरणारी आणि सेंद्रिय कर्बाने दरिद्री आहे. तिच्याखाली मिठाचे थर आहेत, त्यामुळे झाडे तोडली गेलेल्या भागात उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर येतो आणि बोअरला खारे पाणी लागण्याची भीती असते. मे ते ऑक्टोबर पाऊस, पुढे सहा महिने जवळपास काहीच नाही, असे तिथले वर्ष असल्याने शेततळ्यावाचून गत्यंतर नाही. थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल यांनी मांडलेल्या ‘नव्या सिद्धांता’त सुमारे 15 राय जमिनीची वाटणी 30 टक्के तळे, 30 टक्के भात, 30 टक्के फळझाडे-भाजीपाला आणि 10 टक्के घर-गोठा अशी सांगितली आहे, ती याच परिस्थितीतून. सहा रायमध्ये जवळपास दोन राय पाण्याखाली घालायला जीव धजत नाही, पण ईसानमध्ये ते न करणाऱ्याची फळझाडे एप्रिलमध्ये वाळतात. रेताड मातीत तळे झिरपते, म्हणून तळाला चिकणमाती किंवा प्लास्टिकचे अस्तर लागते आणि खोदाईच्या खर्चात तो आकडा आधीच धरावा.

उत्तरेत खोऱ्यातली जमीन गाळाची, आणि शेकडो वर्षांपासून चालत आलेली ‘मुआंग फाय’ ही बंधारे-पाटांची व्यवस्था अनेक गावांत अजून जिवंत आहे. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीची माहिती असलेल्याला तिची लगेच ओळख पटेल: नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाणवाटपाचे ठरलेले क्रम, निवडलेला पाटाचा प्रमुख आणि दरवर्षी गाळ काढण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने द्यायचे श्रम. चियांग माय 1296 मध्ये वसवणाऱ्या मंगराय राजाच्या नावे चालत आलेल्या कायद्यांतही पाट-बंधाऱ्यांचे नियम आहेत. अशा गावात नव्याने आलेल्या परक्याने सफाईच्या दिवशी गडी पाठवून स्वतः घरी बसू नये. पाण्याच्या पाळीवर त्याचा परिणाम होतो. दुसरी बाजू पुराची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मे साय आणि चियांग राय परिसरात आलेल्या पुराने घरे चिखलाने भरली. कोक नदीच्या पाण्यात 2025 मध्ये प्रमाणाबाहेर आर्सेनिक आढळले आणि सीमेपलीकडील म्यानमारच्या शान राज्यातील खाणींवर संशय घेतला गेला. चियांग रायमध्ये त्या नदीकाठची जमीन सध्या घेऊ नये, असे माझे मत आहे.

इथवर पारडे उत्तरेकडे झुकलेले दिसेल. ते उलट फिरवते ती हवा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मक्याचे धसकट, डोंगरातला पालापाचोळा आणि सीमेपलीकडची रानेही पेटलेली असतात, आणि चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात तो धूर कोंडून राहतो. मार्च 2023 मध्ये चियांग माय जगातील सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत कित्येक दिवस अग्रभागी होते. शहरातला माणूस हवा शुद्ध करणारे यंत्र लावून खोलीत बसू शकतो, शेतकऱ्याला मात्र त्याच महिन्यांत बाहेर काम असते. ईसान धुरातून पूर्ण सुटलेला नाही. उदोन थानी-खोन केनच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीपूर्वी फड पेटवतात आणि काळी राख अंगणात येऊन पडते. तरी मोकळ्या पठारावर वारा खेळता असल्याने तो त्रास त्या प्रमाणात साचत नाही. दमा असणाऱ्याने, किंवा साठी ओलांडून हा बेत करणाऱ्याने, माझ्या मते, केवळ या एका कारणावरून ईसान निवडावा. पाण्याची तूट पैसा ओतून काही अंशी भरून काढता येते, पण एका खोऱ्याची हवा एकट्याने बदलता येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत ईसानचाही एक खास धोका आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. तिथल्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिऑयडोसिस या रोगाचा जिवाणू असतो. पायाच्या जखमेतून तो शरीरात शिरतो, लक्षणे साध्या तापासारखी किंवा न्यूमोनियासारखी असतात आणि उपचाराला उशीर झाला तर जिवावर बेतते. मधुमेह्यांना त्याचा धोका सर्वांत अधिक असतो, आणि आपल्यात मधुमेही किती आहेत हे सांगायला नको. भातखाचरात गमबूट घातल्याशिवाय उतरू नये आणि ताप आल्यास आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना आधी सांगावे. मोठी रुग्णालये दोन्हीकडे आहेत: खोन केन विद्यापीठाचे श्रीनगरिन्द आणि चियांग माय विद्यापीठाचे महाराज रुग्णालय. परकीयाला सरकारी स्वस्त उपचारांची ‘30 बाट’ योजना (बाट हे थाई चलन) लागू होत नसल्याने विम्याचा हप्ता मात्र स्वतःच भरावा लागतो.

उत्पन्नाविषयी भ्रम ठेवू नये. ईसानचा प्रसिद्ध सुवासिक भात, खाओ डोक मली 105, दिवस लहान होऊ लागले की फुलतो. त्यामुळे पेरणी केव्हाही केली तरी तो नोव्हेंबरच्या आसपासच कापणीला येतो आणि वर्षातून एकच पीक मिळते. पावसावरच्या शेतीत रायमागे साधारण 350 किलो साळ निघते. टनाला 12 ते 15 हजार बाट भाव धरला तरी सहा रायचे ढोबळ उत्पन्न 25 ते 31 हजार बाट होते, आणि त्यातून नांगरट, खत व कापणी यंत्राचे भाडे जायचे असते. निवृत्ती व्हिसाची मुदत वाढवताना उत्पन्नाच्या आधारे अर्ज केल्यास दरमहा 65 हजार बाट दाखवावे लागतात, किंवा बँकेत आठ लाख ठेवावे लागतात. थाई पत्नी असल्यास हे आकडे 40 हजार आणि चार लाख असे आहेत. म्हणजे वर्षभराच्या भाताचे ढोबळ उत्पन्न निवृत्ती व्हिसासाठी लागणाऱ्या एका महिन्याच्या 65 हजारांच्या निम्मेही भरत नाही. उत्तरेत पाटाचे पाणी असेल तर भातानंतर लसूण, छोटा कांदा किंवा सोयाबीन घेता येते, लाम्फूनकडे लाँगन या लिचीसारख्या फळाच्या बागा आहेत, पण लाँगनचा भाव पडला की फळ झाडावरच सोडण्याची वेळ येते. दोन्हीकडे शेती पोटापुरती आणि मनापुरती धरावी, घरखर्च बाहेरून यावा.

त्यात आणखी एक कायदेशीर बाब: 1999 च्या परकीय व्यवसाय कायद्याच्या पहिल्या यादीत भातशेती, फळबाग आणि पशुपालन आहेत, म्हणजे परकीयाला हे व्यवसाय स्वतःच्या नावे करता येत नाहीत, आणि निवृत्ती व्हिसावर काम करण्यासही मनाई आहे. परसातल्या वांग्या-मिरचीविषयी कोणी विचारत नाही, परंतु आठवडी बाजारात स्वतः माल मांडून बसू नये. शेती पत्नीची किंवा तिच्या माहेरची आणि आपण घरचे माणूस, अशीच व्यवस्था सुरक्षित असते. एकट्या माणसाला मग परसबागच उरते, आणि तेवढ्यासाठी उत्तरेत भाड्याचे घर पुरते.

रोजच्या जगण्यात साम्य अधिक आहे. दोन्हीकडे घरी चिकट भात खातात. ईसानचा शेतकरी सुवासिक भात विकतो आणि चिकट भात कणगीत ठेवतो. शाकाहाऱ्याची परीक्षा ईसानमध्ये अधिक कडक होते, कारण पपईच्या सोम तामपासून रश्शापर्यंत प्ला रा, म्हणजे आंबवलेली मासळी, सर्वत्र असते. मात्र गावच्या बाजारात हादग्याची फुले, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, तोंडलीचा कोवळा पाला आणि कडुनिंबाचा मोहोर दिसला की घराची आठवण येते. तुरीची डाळ गावात मिळत नाही. सोललेली मुगाची डाळ मिठाईसाठी विकली जाते, तिच्यावर वरण भागते. भाषा ईसानमध्ये लाओला जवळची, सुरिन-बुरीरामकडे ख्मेरही, आणि उत्तरेत खाम मुआंग. बँकॉकमध्ये शिकलेली थाई सर्वांना समजते, पण पारावरच्या गप्पा तिच्यात चालत नाहीत. इर्जिकेसारखी परस्परांच्या शेतात राबण्याची प्रथा, ‘लोंग खेक’, यंत्रे आल्यापासून दोन्हीकडे आटली आहे. पावसाआधी ईसानमध्ये आकाशात बांबूचे अग्निबाण सोडून पाऊस मागतात. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.

बहुतेक जण जमीन पाहायला नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, जेव्हा ईसानच्या खाचरांत सोनेरी पीक उभे किंवा नुकतेच कापलेले असते आणि चियांग मायचे आकाश निळे असते. त्या दिवसांत कोणतीही जमीन आवडते. निवडलेल्या गावात आधी घर भाड्याने घ्यावे आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर हे महिने तिथे काढावेत. उत्तरेत मार्चच्या सकाळी समोरचा डोंगर दिसतो का ते पाहावे आणि घरांच्या खांबांवरील पुराच्या खुणा मोजाव्यात. ईसानमध्ये एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या तळ्यात किती पाणी उरले आहे ते पाहावे आणि त्याच्या बोअरचे पाणी थोडे जिभेवर घेऊन पाहावे. त्यानंतरच चनोटचा क्रमांक घेऊन भूमी कार्यालयाची पायरी चढावी.