टोमॅटो कच्चा, शिजवलेला की बाटलीतला? आणि उरलेल्या चोथ्याचं काय?

टोमॅटोतून तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. क जीवनसत्त्व हवं असेल तर उत्तर एक येतं, लाल रंग देणारं लायकोपीन हवं असेल तर दुसरं. सालीतले फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं) हवे असतील, तर आपण गाळणीवर जे उरवतो आणि टाकून देतो, तेच जपावं लागेल.

१०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत क जीवनसत्त्व साधारण १४ मिलिग्रॅम असतं आणि लायकोपीन अडीच-तीन मिलिग्रॅम. कोशिंबिरीत पहिलं जवळपास सगळं मिळतं. दुसरं पेशींच्या आत अडकलेलं असतं आणि ते विरघळतं तेला-तुपात, त्यामुळे नुसत्या फोडी खाल्ल्या तर त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही. कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि वर फोडणी घालायची आपली रीत इथे खरोखर कामाची आहे.

शिजवल्यावर हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये टोमॅटो ८८ अंश सेल्सिअसला तापवून पाहिले. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं, पण टोमॅटोतून मोकळं होणारं लायकोपीन अडीच पटींच्या वर गेलं. त्याआधी १९९७ मध्ये जर्मनीत ताजा टोमॅटो आणि टोमॅटोची पेस्ट यांची तुलना झाली होती. लायकोपीन दोन्हीकडे सारखं, तेलही सारखं. तरी पेस्ट खाल्ल्यावर रक्तात दिसलेली लायकोपीनची सर्वोच्च पातळी अडीच पट होती.

म्हणून रोजच्यासाठी माझा कौल स्वच्छ आहे: तेलात परतलेला, सालीसकट शिजवलेला टोमॅटो. भाजलेल्या टोमॅटोची चटणी, रस्सा, भाजीतला मसाला, सगळं चालेल. अडतं ते सारापाशी. टोमॅटो उकडून, वाटून आपण सार गाळतो आणि साल गाळणीवर राहते. टोमॅटोतले जवळजवळ सगळे फ्लेव्होनॉल (फ्लेव्होनॉइडचाच एक गट) सालीत असतात आणि वजनाच्या मानाने लायकोपीनही गरापेक्षा सालीत कितीतरी जास्त असतं. आता घरोघरी मिक्सर आहे. साल बारीक वाटली जाते, मग गाळायचं कशाला? साल खायची तर टोमॅटो वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवायला हवेत, कारण फवारणीचे अंश राहतात ते मुख्यतः तिथेच.

मुतखड्याच्या भीतीने बिया काढणारेही पुष्कळ आहेत. मुतखड्याला कारण ठरणारं ऑक्झलेट टोमॅटोत कमी असतं. पालकाशी त्याची बरोबरीच होत नाही. शिवाय बियांभोवतीच्या गिरात चव असते आणि क जीवनसत्त्वही. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. अशा लोकांनी टोमॅटो, आणि त्याहून जास्त पेस्ट, डॉक्टरांना विचारूनच खावी.

बाटल्या-पाकिटांमध्ये साधी प्युरी आणि केचप यांना एका रांगेत बसवू नका. प्युरीत पाणी आटलेलं असल्याने लायकोपीन दाट असतं, १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या आसपास. भाव कडाडले की प्युरी बिनदिक्कत वापरावी. केचपमध्येही १० मिलिग्रॅमच्या वर लायकोपीन मिळतं, पण सोबत २० ग्रॅमच्या वर साखर आणि बरंच मीठ येतं. मुलांना 'टोमॅटोच आहे ना' म्हणून देण्याची ही वस्तू नाही. लायकोपीनच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये लायकोपीन कर्करोगाचा धोका कमी करतं या दाव्याला मान्यता नाकारली. टोमॅटो खाण्याबद्दलही त्यांनी अगदी मर्यादित, प्राथमिक पुरावा एवढंच म्हटलं. गोळीपेक्षा भाजीवर पैसे घाला.

आता ज्यांचं छोटं प्युरी-सॉसचं युनिट आहे, किंवा बचत गटातर्फे ते सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरात भाव पडले की असं युनिट टाकायचा विचार हमखास निघतो, आणि त्यात चोथ्याचा हिशेब कुणी मांडत नाही. टोमॅटोच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के साल-बी मागे उरतं. ओला चोथा लगेच आंबतो, बुरशी धरतो. जनावरांना द्यायचा तर त्याच दिवशी, कोरड्या चाऱ्यात मिसळून, नाहीतर मुरघासात (हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) घालून. खर्च जवळजवळ नाही, मिळकतही बेताचीच.

दुसरी वाट सालीच्या पुडीची. चोथा पाण्यात सोडला की बिया तळाशी बसतात, साली तरंगतात. तिथेच दोन्ही वेगळं करता येतं. साल ५०-६० अंशांवर ड्रायरमध्ये वाळवावी. कडक उन्हात नको, कारण प्रकाश आणि हवा दोन्ही लायकोपीन खातात. पूड हवाबंद, अंधाऱ्या डब्यात ठेवावी. थालीपिठाच्या भाजणीत, सूपमध्ये, चटण्यांमध्ये ती रंग, तंतू आणि आंबटपणा देते. बियांत साधारण पाचवा हिस्सा तेल असतं, पण घाण्याला परवडेल इतकी बी एका छोट्या युनिटला जमत नाही. शुद्ध लायकोपीन काढायला द्रावकं किंवा उच्च दाबाचा कार्बन डायऑक्साइड लागतो. तो मोठ्या कारखान्याचा धंदा आहे, त्याच्या नादी लागू नये.

ड्रायर आधीच असेल आणि टोमॅटो कुणाच्या शेतातला, फवारणी कधीची हे माहीत असेल, तर पूड करा. यातलं एक जरी नसेल तर चोथा गोठ्यातच जाऊ द्या, पण त्याच संध्याकाळी.