हिवाळी स्टीलहेड: घराजवळची स्कायकोमिश, दक्षिणेची काउलिट्झ की थेट फोर्क्स?

थँक्सगिव्हिंग संपलं की सिएटल-रेडमंडकडच्या आपल्या गळवाल्या मंडळींत एकच चर्चा सुरू होते: यंदा स्टीलहेडला कुठे जायचं? मला कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, मासा घरी आणायचाय की नुसता गळाला लागला तरी चालेल? नदी बरीचशी यावरच ठरते. अंतर, गर्दी, नदीचं रूप हे सगळं त्यानंतर.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन, तिथे पोसून परत येणारा रेनबो ट्राउट. कोकणात मृगाच्या पावसात चढणीचे मासे जसे ओढ्यांतून वर येतात, तसाच हाही पावसाने नदी फुगली की वर सरकतो, फक्त भर हिवाळ्यात. सॅमनसारखा अंडी घातल्यावर तो मरतोच असं नाही. काही पुन्हा समुद्र गाठतात. यात दोन प्रकार: हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, वाढवून सोडलेले आणि रानटी. हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा मागचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर सोडण्याआधीच कापतात. मासा काठाशी आला की तो पाण्यात असतानाच शेपटीच्या बुडाशी धरायचा आणि पाठीवरून बोट फिरवायचं. तिथे गुळगुळीत, भरून आलेला वण लागला तर मासा तुमचा. लवचीक पराचं टोक बोटाला लागलं तर मासा रानटी. त्याला पाण्याबाहेर न काढता सोडायचं. फोटोसाठी उचलून धरणंही नियमात बसत नाही.

स्कायकोमिश आणि स्नोक्वाल्मी

या दोघींची जमेची बाजू एकच, पण मोठी: जवळ आहेत. रेडमंडहून स्नोक्वाल्मी धबधब्याखालची टोकुल क्रीक हॅचरी अर्ध्या तासावर, आणि हायवे 2 वरच्या गोल्ड बारजवळची रायटर पाँड्स ही हॅचरीची तळी तासाभरात. सकाळी दोन-तीन तास गळ टाकून दुपारच्या मीटिंगला हजर राहणारे लोक मला माहीत आहेत.

हॅचरीचे मासे इथे डिसेंबर-जानेवारीत येतात. त्यानंतर रानटी मासे वर यायला लागतात. प्युजेट साउंडचा स्टीलहेड 2007 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली ‘धोक्यात’ या वर्गात असल्याने जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नद्यांचे बहुतेक भाग बंद होतात. म्हणजे हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. त्यातही हॅचरीला अंड्यांसाठी पुरेसे मासे मिळाले नाहीत तर राज्याचं मत्स्य खातं तातडीचा नियम काढून मधेच मासेमारी थांबवतं. डिसेंबरात ‘पायनॅपल एक्सप्रेस’चा, म्हणजे हवाईकडून येणारा उबदार, धो-धो पाऊस आला तर आठवडाभर नदीकडे फिरकायचीही सोय राहत नाही.

आणि गर्दी! रायटरला शनिवारी पहाटे खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. शेजाऱ्याची दोरी तुमच्या दोरीत अडकणार हे गृहीत धरूनच जावं. मला स्वतःला ही गर्दी सोसत नाही. पण जवळ असल्यामुळे नदी रोज बघता येते आणि पाणी बरोबर उतरलं त्याच दिवशी जाता येतं. हा फायदा बाकी कुठल्याच नदीला नाही.

काउलिट्झ

घरी मासा न्यायचा असेल, आणि विशेषतः ही पहिलीच वेळ असेल, तर माझं मत सरळ काउलिट्झला. सिएटलहून आय-5 ने साधारण दोन तास.

इथलं पाणी धरणांच्या हातात आहे. मेफिल्ड (1963) आणि मॉसीरॉक (1968) ही दोन धरणं टॅकोमा पॉवरची. इतर नद्या पावसाने गढूळ होऊन वाहत असतात तेव्हा इथे धरणाखालचा पट्टा बऱ्याचदा गळ टाकण्याजोगा असतो. जायचं ते बॅरिअर डॅम ते ब्लू क्रीक या पट्ट्यात. फार खाली उतरू नका: टूटल नदी येऊन मिळते तिथपासून पाणी लगेच गढुळतं. सेंट हेलेन्स ज्वालामुखी 1980 मध्ये फुटला, त्याचा गाळ टूटल अजून वाहून आणते आहे.

दुसरं म्हणजे हंगाम. इथल्या हॅचरीचे हिवाळी मासे उशिरा येतात, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, मार्च ऐन भराचा. वरच्या दोघी बंद झाल्यावर ही रंगात येते. हॅचरीपर्यंत पोचलेल्या माशांपैकी काही ट्रकमध्ये घालून धरणांच्या वर, टिल्टन आणि वरच्या काउलिट्झमध्ये सोडतात. माशाने ट्रकमधून घाट चढायचा हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आमिषाचंही इथे सोपं आहे. आपण रव्यात घोळवून तळतो ती गाबोळी इथे मीठ-साखर लावून मुरवतात आणि गळाला बांधतात. सॅमनच्या गाबोळीचा सुपारीएवढा गोळा, वर तरंगता बोंडा, आणि धारेच्या वेगाने सोडून द्यायचं. शिकायला याहून सोपी पद्धत नाही.

उणं काय, तर देखणेपण. ब्लू क्रीकला एका बाजूला मोटारबोटींची रांग, दुसऱ्या बाजूला काठावरची माणसं. जंगलात हरवल्यासारखं वगैरे काही वाटणार नाही.

फोर्क्स: होह, बोगाशील, सोल डक

फोर्क्स हे गाव ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, सिएटलहून साडेतीन-चार तास; होह, बोगाशील, सोल डक या तिथल्या नद्या. वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. शेवाळाने मढलेली झाडं, राखाडी-निळं पाणी, आणि वीस पौंडांचा रानटी मासा लागण्याची खरोखरची शक्यता. नदी म्हणून विचाराल तर यांच्याजवळपास कुणी नाही.

पण इथे बेत आखताना दोन गोष्टी धरून चाला. एक, मासा घरी येईलच असं नाही. बोगाशीलला हॅचरी आहे, तिचे मासे डिसेंबर-जानेवारीत येतात. फेब्रुवारीनंतर रानटीच, आणि ते सोडायचेच. दोन, नियम कडक आहेत. रानटी माशांची परत येणारी संख्या घसरल्याने डिसेंबर 2020 पासून खात्याने किनाऱ्याच्या नद्यांवर आमिष बंद केलं, बिनकाट्याचा एकेरी गळ सक्तीचा केला आणि बोटीत बसून मासेमारीही थांबवली. पुढे हे नियम दर हंगामाला थोडेफार बदलत आले आहेत, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी खात्याचं पान उघडून बघाच.

नद्यांच्या मुखाशी आदिवासी जमातींची जाळी दिसली की कुरकुर करणारे भेटतील. 1850 च्या दशकातल्या करारांत या जमातींनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. न्यायाधीश बोल्ट यांनी 1974 मध्ये त्याचा अर्थ पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा असा लावला. त्यात कुरकुरण्यासारखं मला काही दिसत नाही. जाळी कोणत्या वारी लागतात ते माहीत करून घ्यावं आणि त्यानुसार बेत ठरवावा, इतकंच.

एका दिवसासाठी फोर्क्सला जाणं म्हणजे जुगार. होह हिमनदीतून येते. पाऊस पडला की ती राखेच्या पाण्यासारखी होते आणि निवळायला सगळ्यात जास्त वेळ घेते. सोल डक आधी निवळते. तीन दिवस मुक्काम असेल तर या नदीवरून त्या नदीवर सरकता येतं, तेव्हाच चार तासांचा प्रवास वसूल होतो.

उत्तरेकडच्या स्कॅजिट नदीबद्दल थोडंच सांगतो. तिथे हॅचरीची हिवाळी पिल्लं सोडणं 2014 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर थांबलं. 2018 मध्ये रानटी माशांसाठी ‘पकडा आणि सोडा’ हंगाम पुन्हा उघडला, पण तो दरवर्षी उघडेलच असं नाही. किती मासे येतील या अंदाजावर ठरतं. लांब दोन-हाती रॉडने फ्लाय (पिसं-दोऱ्याचं खोटं आमिष) टाकणाऱ्यांची ती पंढरी. तुम्ही त्यातले नसाल तर जानेवारीत तिच्या काठच्या रॉकपोर्टला गरुड बघायला जा.

आकडे कसे वाचायचे

हॅचरीत किती मासे आले याचे आकडे वेळोवेळी जाहीर होतात आणि लोक त्यावर गाडी काढतात. हे आकडे हॅचरीत पोचलेल्या माशांचे असतात, म्हणजे तुमच्या गळासमोरून आधीच निघून गेलेल्यांचे. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा; हंगाम पुढे आहे की मागे इतकं त्यातून कळतं. त्याहून जास्त अर्थ काढू नका.

मी जास्त बघतो ते नदीच्या पातळीचा आलेख. चढती रेघ असेल तर घरी थांबा. पूर येऊन गेल्यावर रेघ उतरायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघा. स्कायकोमिशला गोल्ड बारचा प्रवाह 2,000 ते 4,000 घनफूट प्रति सेकंदाच्या आसपास असला तर काठावरून बरं जमतं. काठावर पोचल्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहा: बुटाचं टोक अंधुक हिरवट दिसलं तर उत्तम. बूटच दिसत नसेल तर जागा बदला. तळातला खडा न् खडा दिसत असेल तर मासा बुजरा असतो, दोरी बारीक लावा आणि पहाटेच उरकून घ्या. पाणी चार अंशांच्या खाली गेलं की मासा आमिषामागे धावत नाही. मग धार सोडून संथ डोहाच्या कडेला, अगदी त्याच्या तोंडासमोरून आमिष न्यावं लागतं.

परवान्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपतं. मार्चात काउलिट्झला एकदाच जायचं असेल तर वर्षाचा परवाना काढू नका, एक ते तीन दिवसांचा मिळतो तो घ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण स्टीलहेडची नोंद करायचं कार्ड त्यांनाही लागतं, आणि मासा ठेवला की त्यावर नोंद तिथल्या तिथे, काठावरच करायची असते.