‘ठग नोट्स’ आणि ‘क्रॅश कोर्स लिटरेचर’

अभिजात साहित्य हसतखेळत समजावणाऱ्या अमेरिकी यूट्यूब मालिकांपैकी २०१२ मध्ये सुरू झालेली ‘क्रॅश कोर्स लिटरेचर’ आणि २०१३ मधील ‘ठग नोट्स’ यांचा हेतू एकच असला, तरी विनोदाकडून दोघी अगदी वेगळे काम करून घेतात. ‘ठग नोट्स’मध्ये अभिनेते ग्रेग एडवर्ड्स यांनी रंगवलेले ‘डॉ. स्पार्की स्वीट्स’ हे पात्र रांगड्या बोलीत आधी कथानक सांगते आणि मग त्याच बोलीत, मूळ अवतरणांचा आधार घेत, प्रतीके उलगडते. पहिलाच भाग दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’वर होता. अभिजात ग्रंथांवर बोलण्याचा मक्ता प्राध्यापकी भाषेकडेच असतो, हा समज येथे मोडीत निघतो. मात्र शिव्यांची रेलचेल पाहता शाळेच्या वर्गात ती लावणे अवघडच.

‘क्रॅश कोर्स’चे सादरकर्ते जॉन ग्रीन स्वतः कादंबरीकार असल्याने कथानक झटपट आटोपून लेखनाच्या घडणीकडे वळतात. त्यांचेच विद्यार्थिदशेतले रूप मध्येच आळशी शंका काढते आणि त्या शंकेला उत्तर देता देता खरा मुद्दा पुढे सरकतो. ‘द ग्रेट गॅट्सबी’ला त्यांनी दोन भाग दिले आहेत, आणि ते पुस्तक वाचून झाल्यावर पाहिले तरच पुरते पोहोचतात. न वाचलेल्या कादंबरीची गोडी लागण्यासाठी माझे मत ‘ठग नोट्स’ला, फक्त तिची बोली मराठी कानांना सबटायटल्सशिवाय सहसा झेपत नाही.