फायरप्लेसला साच्यातला दगड की खाणीतला?

अमेरिकेत जुनं घर घेतलं की दिवाणखान्यातली फायरप्लेस बऱ्याचदा पितळी चौकट आणि काळवंडलेल्या विटांसकट पदरात पडते. दर्शनी भाग दगडाचा करायचं ठरवून दुकानात गेलात की दोन नमुने पुढे येतात. एक साच्यात ओतलेला ‘मॅन्युफॅक्चर्ड स्टोन’ आणि दुसरा खाणीतून काढून मागच्या बाजूने कापलेला, साधारण इंचभर जाडीचा खरा दगड, म्हणजे ‘थिन व्हेनियर’.

विक्रेता आधी वजनाचा मुद्दा काढेल. त्याचा फार बाऊ करू नका. सिमेंटच्या मसाल्याने भिंतीला चिकटवायच्या दगडाला तिथल्या बांधकाम नियमांची मर्यादा चौरस फुटाला १५ पौंडांची आहे आणि दोन्ही प्रकार बहुधा तिच्या आत बसतात. ५० चौरस फुटांच्या भिंतीवर साच्यातला दगड साधारण ५०० पौंड भरेल, कापलेला खरा दगड ७०० च्या आसपास. अडचण होते ती चार इंची पूर्ण जाडीच्या दगडाची. तो अडीच हजार पौंडांवर जातो आणि त्याला खाली वेगळा पाया लागतो. लाकडी सांगाड्याच्या घरात त्या भानगडीत पडू नये.

खरा फरक कडांवर दिसतो. साच्यातला दगड म्हणजे सिमेंट, हलकी खडी आणि लोहाच्या ऑक्साइडचे रंग. साचे खऱ्या दगडांवरूनच घेतलेले असल्याने सोफ्यावरून तो बेमालूम वाटतो. पण रंग बराचसा पृष्ठभागाजवळ असतो. कापला किंवा टवका उडाला की आतलं सिमेंट डोकावतं. काळ्या पाषाणाच्या किल्ल्यांत हिंडलेल्या माणसाला हे पटकन खटकतं, कारण तो दगड कुठेही फोडा, आत तसाच निघतो. शिवाय साचे मोजकेच, त्यामुळे तोच आकार पुन्हा पुन्हा येतो. चार-पाच खोकी एकदम उघडून दगड मिसळून लावले तर हे बरंच झाकलं जातं. घाईतला गवंडी एकेक खोकं संपवत जातो आणि जुळी भावंडं शेजारी बसतात.

आगीच्या बाबतीत दोन्ही सारखेच. जळत कोणीच नाही, पण जिथे प्रत्यक्ष जाळ होतो तिथे आत दोन्ही चालत नाहीत. तिथे अग्निरोधक वीटच हवी. दगडासारखे दिसणारे फोमचे पॅनेल मात्र या यादीतून सरळ बाद करा.

वरच्या लाकडी फळीकडे, म्हणजे मँटलकडे, जास्त लक्ष द्या. वीटबांधणीच्या फायरप्लेसमध्ये तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही. १२ इंचांपर्यंतच्या लाकडाला दर इंच अंतरामागे इंचाचा आठवा भागच पुढे येता येतं. म्हणजे ८ इंचांवरची फळी जेमतेम इंचभर बाहेर. कारखान्यात बनलेली धातूची फायरप्लेस असेल तर तिच्या माहितीपुस्तिकेतलं अंतर पाळायचं. अनेक मराठी घरांत याच फळीवर गणपती बसतो. मखर कागदाचं किंवा थर्माकोलचं असेल तर तेवढे दिवस खाली आग पेटवू नका.

साफसफाईत खरा ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइट सोशिक. साच्यातल्या दगडाला ॲसिड आणि तारेचा ब्रश वर्ज्य. काजळी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशाने काढायची. चुनखडीला मात्र खरी असूनही ॲसिड सोसत नाही.

खर्चाचं गणित जरा फसवं आहे. खरा दगड महाग, पण मजुरी दोन्हींना जवळपास सारखीच. रंगवलेल्या ड्रायवॉलवर, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांच्या भिंतीवर, काहीच थेट चिकटत नाही. आधी धातूची जाळी खिळ्यांनी भिंतीच्या आतल्या खांबांना पक्की करायची, तिच्यावर अर्धा इंच गिलावा, तो वाळल्यावर दगड. त्यामुळे एकूण बिलातला फरक नुसत्या दगडाच्या किमतीतल्या फरकाइतका मोठा दिसत नाही.

माझं मत विचाराल तर छतापर्यंत जाणाऱ्या मोठ्या भिंतीला साच्यातला दगड पुरेसा आहे. फायरप्लेसच्या पुढच्या ओट्याला मात्र खऱ्या दगडाची सलग लादी घ्या. तिथे लोक बसतात, मुलं खेळणी आपटतात, टवके तिथेच उडतात. भिंत छोटी, कमरेइतकीच असेल तर सगळाच खरा घ्यावा. दरपत्रक घेताना कोपऱ्याच्या दगडांचा भाव वेगळा मागा. सपाट दगड चौरस फुटावर विकतात आणि कोपरे लांबीच्या फुटावर.