पत्त्यावरून लॅट-लाँग काढायचंय: गूगल, नॉमिनॅटिम की मॅपल्स?

गिरगावातल्या चाळीचा पत्ता लोक कसा लिहितात बघा, 'खोली नं. १४, दुसरा मजला, दत्तमंदिराच्या मागे, गिरगाव, मुंबई ४'. पोस्टमनला एवढं पुरतं. हेच जसंच्या तसं जिओकोडिंग एपीआयला (पत्ता दिला की त्याचे लॅट-लाँग, म्हणजे अक्षांश-रेखांश, परत देणारी ऑनलाइन सेवा) पाठवलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, पण ते चाळीचं नसतं, अख्ख्या गिरगावच्या मध्याचं असतं, आणि नुसत्या आकड्यांवरून हा फरक कळत नाही कारण दशांशानंतर सहा-सात आकडे दोन्हीकडे दिसतात.

दादरच्या एका ताईंचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी डिलिव्हरीचं छोटं सॉफ्टवेअर केलं, साधारण चारशे पत्ते होते. तेव्हा हे तिन्ही वापरून बघितले, त्यावरून सांगतो.

गूगल. मुंबईतल्या बिल्डिंगा, सोसायट्या, दुकानांची नावं याला भरपूर माहीत आहेत, स्पेलिंग थोडं इकडेतिकडे असलं तरी चालवून घेतं. पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो उत्तरासोबत येणाऱ्या लोकेशन टाइपचा. रूफटॉप आलं तर नेमकं ठिकाण, रेंज इंटरपोलेटेड म्हणजे रस्त्यावरच्या दोन ठिकाणांमधला अंदाज, जिऑमेट्रिक सेंटर म्हणजे रस्त्याचा किंवा भागाचा मध्य, आणि अ‍ॅप्रॉक्झिमेट म्हणजे ढोबळ. शिवाय पार्शल मॅच असा शेरा असेल तर समजायचं की पत्त्यातला काही भाग त्याला जुळवता आला नाही. हे दोन फील्ड डेटाबेसमध्ये ठेवलेच पाहिजेत, बरेच जण फक्त लॅट-लाँग उचलतात आणि बाकीचं टाकून देतात, तसं करू नका प्लीज. पैशांचं म्हणाल तर ठरावीक कोटा फुकट, त्यापुढे दर हजार रिक्वेस्टमागे चार्ज, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतासाठीचे दर बरेच उतरलेत. खरी अट वेगळीच आहे: मिळालेले लॅट-लाँग जास्तीत जास्त ३० दिवस साठवता येतात, कायम ठेवता येतो तो फक्त प्लेस आयडी (गूगलने त्या जागेला दिलेला ओळख-कोड), आणि नकाशावर दाखवायचे तर गूगलच्याच नकाशावर. कायमची यादी बनवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

नॉमिनॅटिम. ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटावर चालतं, फुकट आहे, निकाल साठवता येतात, श्रेय द्यायचं आणि ओडीबीएल (त्या खुल्या डेटाचं लायसन्स) पाळायचं. पब्लिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट, यूजर एजंट किंवा रेफररमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणारे हेडर) आपल्या अ‍ॅपची ओळख हवीच, आणि टाइप करता करता सुचवणारा ऑटोकम्प्लीट त्यावर लावायला मनाई आहे. चारशे पत्ते म्हणजे सात मिनिटांचं काम, त्यामुळे आमचं अडलं नाही. अडलं ते 'च्या मागे', 'समोर', 'खोली नं.' या शब्दांवर, हे असले की बऱ्याचदा रिकामी यादी परत येते. मग मी पत्ता कापत गेलो, आधी खोली-मजला काढला, मग खूण काढली, 'मुंबई ४' चं ४००००४ केलं, रस्ता, शहर, पिनकोड वेगवेगळ्या फील्डमध्ये पाठवले, आणि निकाल लगेच सुधारले. रिकामी यादी मला चुकीच्या उत्तरापेक्षा बरी वाटते, निदान कुठला पत्ता हाताने बघायचा ते तरी कळतं. काम वाढलं तर आपल्या सर्व्हरवर बसवता येतं, मग सेकंदाची मर्यादा नाही.

मॅपल्स म्हणजे मॅपमायइंडिया, १९९५ पासूनची भारतीय कंपनी. आपल्याकडच्या पत्त्यांचीच त्यांना सवय, आणि प्रत्येक जागेला सहा अक्षरी मॅपल्स पिन देतात. प्लॅन घेताना उत्तरात लॅट-लाँग थेट मिळणार की फक्त पिन, हे लेखी विचारून घ्या.

आता कुठलाही घेतलात तरी लागू होणारं. लोखंडवाला अंधेरी पश्चिमेला आहे आणि कांदिवली पूर्वेलाही आहे. आमचा कांदिवलीचा एक डबा पहिल्याच आठवड्यात अंधेरीला गेला, तिथल्या गिऱ्हाईक बाईंना जेवण मिळालं ते साडेतीनला, शुगरचा त्रास होता त्यांना, ते माझ्या मनातून अजून जात नाही. त्यानंतर चेक टाकला की उत्तरातला पिनकोड आणि गिऱ्हाईकाने दिलेला पिनकोड जुळला नाही तर पत्ता थांबवायचा, कांदिवलीच्या ४००१०१ च्या जागी अंधेरीचं ४०००५३ आलं की लाल खूण. देश भारत आणि चौकट मुंबईपुरती, हेही रिक्वेस्टमध्येच सांगता येतं. आणि क्रम बघा, जिओजेसनमध्ये (ठिकाणांचा डेटा लिहायचा एक फॉरमॅट) आधी लाँगिट्यूड येतो, मुंबईच्या १९ (लॅट) आणि ७२ (लाँग) ची अदलाबदल झाली तर पॉइंट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो.

माझं मत विचाराल तर, गिऱ्हाईक फॉर्म भरतंय आणि तिथल्या तिथे नकाशावर पिन दाखवायचीय, तर गूगल. जुनी यादी एकदाच बदलून कायम ठेवायचीय आणि बजेट नाही, तर पत्ते साफ करून नॉमिनॅटिम. आम्ही नॉमिनॅटिम घेतलं, आणि चाळींचे जे पत्ते उरले त्यांच्यासाठी डिलिव्हरीच्या पोरांच्या फोनमध्ये 'पोचलो' असं बटण दिलं. दारात उभं राहून दाबायचं, जीपीएसचे आकडे सेव्ह होतात. चाळीत सिग्नल हलतो म्हणून पाच दिवसांच्या नोंदींचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतो, आणि हा डेटा ताईंचा स्वतःचा, त्यावर ३० दिवसांची अट नाही.